वाळलेली खळ

बोटांवरची खळ वाळू लागली की कातडी हलकेच ओढली जाते. आधी नुसता गारवा, मग किंचित चिकटपणा, मग तो सूक्ष्म ताण, आणि शेवटी कांद्याच्या आतल्या सालीसारखा एक पारदर्शक पापुद्रा, जो नखाने उचलला तर अखंड निघून येतो आणि ज्याच्यावर आपल्याच अंगठ्याच्या रेषा उमटलेल्या दिसतात. वाळूजहून सिडकोपर्यंतच्या प्रवासात कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून हे पापुद्रे सोलत राहणं, हा माझा गेल्या वर्षभराचा बालिश विरंगुळा. नगर नाका येईपर्यंत डावा हात संपतो, क्रांती चौकापर्यंत उजवा. पण मे महिन्यातल्या त्या गुरुवारी बस फाटकाबाहेर पडायच्या आतच मी हात उघडून पाहिले, तर सोलायला काही उरलंच नव्हतं. खळ केव्हाच वाळून, सुटून, गळून गेली होती. बोटं कोरडी ठणठणीत! क्षणभर बरं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी मी बोटं मिटून घेतली. बोटांवरची खळ इतक्या लवकर वाळली असेल, तर पत्र्यावरची?

माझं काम ऐकून माणसं गोंधळतात, म्हणून आधी तेवढं सांगते. आमच्या कारखान्यात वाफेची मोठमोठी भांडी बनतात. दोन जाड पत्रे वेल्डिंगने जोडले की तो सांधा बाहेरून कितीही देखणा दिसो, आतून एकजीव झाला आहे की नाही, हे कुणीतरी न कापता, न फोडता पाहायला हवं. ते पाहणारी मी. चौदा वर्षं मी हे काम अंधाऱ्या, थंडगार खोलीत बसून केलं. दिवसपाळी सुटली की सगळी शेड रिकामी करत, भोवती दोरी बांधत, लाल दिवा लावत आणि किरण सोडून सांध्याची छायाचित्रं घेत, आपल्या छातीचा एक्स-रे काढतात तशीच. सकाळी त्या फिल्म खाकी पाकिटांतून माझ्या टेबलावर येत. काचेमागे दिवा लावून मी एकेक फिल्म निरखत असे. त्या करड्या धुक्यात एखादा काळा ठिपका, एखादी काळी रेघ, म्हणजे सांध्यातली उणीव. फिल्मच्या कोपऱ्यात शिशाच्या अक्षरांत दोन आकडे उमटलेले असत, एक सांध्याचा आणि एक तो जोडणाऱ्या वेल्डरचा. माणूस असा कधी दिसलाच नाही. चौदा वर्षं मी 'सतरा'चं काम तपासलं आणि ते चांगलं असतं म्हणून मनातल्या मनात सतराचं कौतुकही केलं, पण सतराला मिशा आहेत की नाहीत हे मला ठाऊक नव्हतं.

मग ध्वनी आला. आणला मीच! किरणांचं भय मला कधी सुटलं नाही. दोरीच्या आत चुकून कुणी राहिलं तर, या विचाराने मी घरी बसूनसुद्धा धास्तावत असे. शिवाय किरणाला आडवी पडलेली केसासारखी फट फिल्मवर उमटत नाही, आणि ध्वनी मात्र तिच्यावर आपटून परत येतो, हे मी शिकले होते. गर्भातलं बाळ पाहतात ना, त्याच जातीचा, कानाला ऐकू न येणारा ध्वनी. मी परीक्षा दिल्या, प्रमाणपत्र मिळवलं, आमचे मॅनेजर निंबाळकर साहेब यांच्या मागे लागले. ते एकच म्हणत, "मॅडम, फिल्म हातात राहते. पाच वर्षांनी कुणी विचारलं तर काढून दाखवता येते. तुमच्या ह्या यंत्राचं काय राहतं?" मी मोठ्या ऐटीत म्हटलं होतं, "माझी सही राहते, साहेब." आपलं एखादं वाक्य पुढे आपल्याच मानगुटीवर बसणार आहे, हे बोलताना कळलं असतं तर किती बरं झालं असतं!

काडेपेटीएवढा एक ठोकळा पत्र्यावर सांध्याच्या कडेने नागमोडी फिरवायचा. ध्वनीला हवेतून लोखंडात शिरता येत नाही, म्हणून ठोकळा आणि पत्रा यांच्यामध्ये ओलसर खळ हवी. पूड पाण्यात कालवून केलेली, साडीला घालतो तितपत दाट. आतली फट ध्वनी परत फेकते आणि हातातल्या पडद्यावर एक उंच शिखर उभं राहतं. शिखर नाही, म्हणजे सांधा निर्दोष. पण खळ वाळली, तर ध्वनी लोखंडात शिरणारच नाही. मग परत काय येणार? तेव्हाही शिखर नाही. निर्दोष सांधा आणि कोरडी खळ, दोघांचा पडदा सारखाच सपाट.

उन्हाळ्याच्या तोंडावर आपण माठ घ्यायला जातो, तेव्हा बोटाच्या पेराने तो वाजवून पाहतो. खणखणला तर घरी आणायचा, बद्द वाजला तर खाली ठेवायचा. किती सरळ व्यवहार! चांगला माठ स्वतःहून बोलतो. माझ्या पदरात मात्र उलटा न्याय पडला आहे. इथे जे गप्प ते चांगलं. आणि गप्प असणं व चांगलं असणं यांतलं अंतर मला कुणी नव्याने शिकवायला नको होतं. माझे वडील तहसिलीत कारकून होते, मितभाषी. छातीत दुखतं असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि म्हणाले नाहीत म्हणजे दुखत नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो. ते गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवसांपासून त्रास होता?" आम्ही भावंडं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

तर त्या गुरुवारचं सांगते. एका साखर कारखान्यासाठी बनवलेलं भांडं शेडच्या मधोमध आडवं होतं, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या उंचीचं. बाकीचे सांधे आदल्या दिवशी पाहून झाले होते. उरला होता सात नंबरचा लांब सांधा. पत्र्याचं छप्पर तापून घुमत होतं. सांधा सतराचा होता आणि सतरा माझ्या मागेच उभे होते, कारण ध्वनीसाठी दोरी बांधावी लागत नाही, कुणाला घालवावं लागत नाही. सतरा म्हणजे कचरूभाऊ. लासूर स्टेशनहून रोज येणारे, पन्नाशी ओलांडलेले, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे गृहस्थ. अर्धा सांधा झाल्यावर ते म्हणाले, "ताई, लई घाम आलाय तुमाला. थांबा जरासं." त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलेला उभा पंखा उचलून आणला आणि माझ्याकडे वळवला. वेल्डर पंखा कधी स्वतःकडे करत नाहीत. वेल्डिंगच्या ज्योतीभोवती वायूचं एक कवच असतं, वाऱ्याने ते उडतं आणि सांधा बिघडतो. म्हणून बिचारे उकाड्यात जळतात, पण पंख्याचं तोंड भिंतीकडेच ठेवतात. तो पंखा कचरूभाऊंनी माझ्यासाठी फिरवला, आणि त्या झुळकीत मला इतकं बरं वाटलं की उरलेला सांधा मी सुखाने, रेंगाळत पूर्ण केला. पडदा सपाट. मी सही केली.

आणि आता बसमध्ये, कोरड्या बोटांकडे पाहताना, तो पंखा माझ्या डोक्यात फिरू लागला.

पडद्याच्या तळाशी नेहमी एक बारीक थरथर असते. आमच्या बोलीत तिला गवत म्हणतात. खळ ओली असेल तर गवत हलतं. खळ वाळली की तेही बसतं. पंखा आल्यानंतर पडद्यावर गवत होतं का? मी डोळे मिटले आणि आठवून पाहिलं. एकदा वाटलं, होतं. मग वाटलं, हे मी कालच्या सांध्याचं आठवते आहे. खरं सांगायचं तर मी तेव्हा गवताकडे पाहिलंच नव्हतं, मी वाऱ्याचं सुख घेत होते. फिल्म असती तर पाकीट उघडून पुन्हा पाहता आली असती. इथे ठोकळा उचलला की सगळं संपतं. उरते ती सही, आणि सहीला काय दिसतं?

घरी आल्यावर मी भाताला मीठ दोनदा घातलं. आमच्या ह्यांना माझा स्वभाव पाठ आहे. गॅसची कळ बंद केली का हे पाहायला जिन्यातून परत येणारी बाई मी. ते म्हणाले, "तुला देवळातल्या घंटेतसुद्धा तडा दिसतो. उद्या पाण्याचा दाब देऊन तपासणार आहेत ना? मग?" होय, शुक्रवारी अकरा वाजता भांड्यात पाणी भरून दाब देणार होते आणि शनिवारी ते ट्रेलरवर चढणार होतं. पण पाण्याचा दाब एका सकाळपुरता असतो; वाफ रोज येते, रोज जाते, तापवते, निववते. एखादी मिटल्या ओठांसारखी फट पाण्यापुढे गप्प राहील आणि दोन हंगामांनी वाफेपुढे तोंड उघडेल. त्या वेळी त्या भांड्याजवळ कोण उभं असेल? एखादा फिटर, डबा सोडून बसलेला. त्याचं नाव मला कधी कळणार नाही, आणि त्याला माझं. केवळ एका बाईला जरा वारा हवासा वाटला म्हणून!

भीती एकटी येत नाही, सोबत संशयाला घेऊन येते. भांडी घासता घासता माझ्या मनात आलं, कचरूभाऊंनी पंखा नेमका तेव्हाच का आणला? अर्धा सांधा होईपर्यंत माझा घाम त्यांना दिसला नाही का? वर्षभर खळीचं तंत्र ते माझ्या पाठीमागे उभं राहून पाहत आलेले. वाऱ्याने ती वाळते एवढं त्यांना कळत नसेल? सांधा नापास झाला तर त्यांच्या आकड्यापुढे दुरुस्तीची खूण लागते, आणि अशा खुणा जमल्या की वेल्डरला पुन्हा परीक्षेला बसवतात. हा विचार आला आणि स्वतःचीच किळस आली. ज्या माणसाने आपल्याला वारा घातला त्याच्यावर हा आळ? पण किळस आली म्हणून विचार थोडाच जातो. तो माझ्याबरोबर झोपला आणि माझ्याआधी उठला.

शुक्रवारी मी निंबाळकर साहेबांच्या टेबलापुढे उभी राहिले तेव्हा साडेआठ वाजले होते. वाक्य मी बसमध्ये घोळवून ठेवलं होतं, तरी तोंडातून भलतंच निघालं. "साहेब, सातच्या सांध्यावर माझी सही आहे, पण मी तो पूर्ण पाहिला आहे असं मी म्हणू शकत नाही." त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, हे तुम्ही मला आज सांगताय?" मग सावकाश, चढलेला आवाज दाबत ते म्हणाले, "म्हणूनच मी म्हणत होतो, फिल्म बरी." मला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. वर्षभर जे पटवलं ते एका वाक्यात मातीमोल झालं होतं. शेवटी घड्याळाकडे पाहत ते म्हणाले, "अकराला पाणी भरायचंय. तोपर्यंत काय ते बघा."

शेडमध्ये कचरूभाऊ आधीच सात नंबरपाशी उभे होते. पंखा तिथेच होता, तो मी स्वतः भिंतीकडे फिरवला. त्यांनी ते पाहिलं, मग खळीची बाटली उचलली, आणि मी एक वीत पुढे सरकले की ते एक वीत ताजी खळ टाकत, असं आमचं मुक्याने काम सुरू झालं. पडद्याच्या तळाशी गवत हलत होतं, हिरवंगार म्हणावं असं जिवंत! वीत, दोन वीत, हात, दोन हात. सपाट. माझा श्वास थोडा मोकळा होऊ लागला. जिथे काल पंखा उभा होता तिथे आलो. कचरूभाऊंनी तिथे जरा जास्तच खळ ओतली. मी ठोकळा टेकवला, किंचित मागे घेतला, आणि पडद्याच्या मध्यावर एक शिखर शांतपणे उभं राहिलं.

मी ठोकळा पुढे-मागे केला. शिखर चाललं, वाकलं, पुन्हा उभं राहिलं. खडूने दोन टोकांना खुणा केल्या. चार बोटांची लांबी. काल हे इथेच होतं, मी यावरूनच ठोकळा फिरवला होता आणि सुखाने वारा खाल्ला होता.

"हितंच लाईट गेली हुती, ताई," कचरूभाऊ म्हणाले.

मी वळून पाहिलं. ते माझ्याकडे नाही, त्या खडूच्या खुणांकडे पाहत होते. "काम चालू असतानाच गेली. परत आली तवा ती जागा घासून घ्याया पायजे हुती. ग्रायंडर दुसरीकडं गुतलेला. सुपरवायझर म्हनला, चल, चल, टाइम नाय. म्या तसाच वरून वढून घेतला." मी म्हटलं, "मग काल तुम्ही बोलला का नाहीत?" त्यांनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "सुपरवायझर तितंच हुता. आन् आपल्या हातानं आपलंच काम कसं नापास करावं, ताई? पन ते तसंच जाऊ बी नाय वाटत हुतं. म्हनून तर पंखा आनला. म्हनलं, ताईला हितं वारा लागला तर हितं जरा जास्त थांबतील, नीट बघतील. तुमी थांबलात बी. मशीनला काय दिसलं नाय. मंग मला वाटलं, मिटलं असंल आतून. तरी बी घास गेला नाय रातच्याला."

ज्याच्यावर मी आदल्या संध्याकाळी आळ घेतला, तो माणूस आपल्या परीने मला बोट धरून त्या जागेपाशी नेत होता! त्याच्याजवळ सांगायला शब्द नव्हते, धैर्य नव्हतं. होता एक पंखा. आणि त्याच पंख्याने माझी खळ वाळवली. तो बोलत नव्हता म्हणून मी त्याला गप्प समजले, आणि लोखंड बोललं नाही म्हणून मी त्याला निर्दोष समजले. मी फक्त म्हटलं, "कचरूभाऊ, मी काल तुमच्याबद्दल वाईट विचार केला." ते म्हणाले, "व्हय का? जाऊ द्या. म्या बी मशीनबद्दल लई चांगला केला."

निंबाळकर साहेब आले, खडूच्या खुणा पाहत उभे राहिले. "फिल्मवर आलं असतं हे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ज्या तिरक्या कोनात ही फट पडली आहे, त्यात बहुधा नसतं आलं." "म्हणजे यंत्राची चूक नाही." "नाही साहेब, माझी आहे. खळ वाळली, आणि मी पाहिलं नाही." कचरूभाऊंनी घसा खाकरला आणि, आदल्या दिवशी जे त्यांच्या ओठांवर आलं नव्हतं ते, लाईट गेल्याचं, स्वतःहून सांगितलं. साहेबांनी पाणी थांबवलं आणि ट्रेलर सोमवारवर टाकला. कचरूभाऊंच्या आकड्यापुढे दुरुस्तीची खूण लागली. माझ्या सहीपुढे कुठलीच खूण लागत नाही, हे मला त्या दिवशी फार बोचलं.

दुपारभर कचरूभाऊंनी ती जागा कोरून काढली. आत खरोखरच एक काळसर, बारीक रेघ निघाली, केसाएवढी. ती पाहायला आम्ही दोघंही वाकलो आणि दोघांनीही एकदम मान वर केली. संध्याकाळी नवं वेल्डिंग निवाल्यावर मी पुन्हा तपासलं. गवत हलत होतं आणि शिखर नव्हतं. या वेळच्या शांततेवर मी विश्वास ठेवला, कारण तिच्याशेजारी एक माणूस उभा होता आणि मी त्याला आधी विचारलं होतं, "जोडताना मध्ये कुठे थांबला होतात?"

बस सुटायला अवकाश होता. शेड रिकामी होत चालली होती. हात पुसायला मी चिंधी उचलली, आणि तेवढ्यात एक विचार असा आला की चिंधी हातातच राहिली. चौदा वर्षं! खाकी पाकिटांतल्या त्या साऱ्या फिल्म, ते करडं धुकं, कोपऱ्यातला तो सतरा. प्रत्येक रात्री शेड रिकामी करताना आम्ही ज्यांना दोरीपलीकडे घालवत होतो, त्यांनाच तर ठाऊक होतं लाईट कुठे गेली, ग्रायंडर कुठे नव्हता, सुपरवायझर कुठे चल चल म्हणाला. ती भांडी आता कुठे कुठे तापत असतील? कुणाच्या शेजारी? न विचारणं सोपं होतं. बस उभी होती, ह्यांना मी लवकर येते म्हणून सांगितलं होतं, आणि एकदा उत्तर मिळालं की ते मिळालं नाही असं मला करता येणार नव्हतं. कचरूभाऊ हातमोजे झटकत होते. मी त्यांना विचारलं, "कचरूभाऊ, आणखी कुठे?"

त्यांनी विचारलं नाही की कशाबद्दल. हातमोजे एकावर एक नीट ठेवले, एक पालथा डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "बसा ताई. सांगतो." मग निघताना कुणीतरी इकडे फिरवून ठेवलेला पंखा त्यांनी पुन्हा भिंतीकडे वळवला. मी बसले. माझ्या बोटांवरची खळ अजून ओली होती.